जाग टिकते कशी? हायपोथॅलॅमस, झोप आणि अनावर पेंग

ओरेक्सिन या मेंदूतल्या रसायनाचे नाव गेल्या काही वर्षांत आरोग्यविषयक बातम्यांमध्ये वरचेवर दिसू लागले आहे. कधी निद्रानाशावरील नव्या गोळ्यांच्या संदर्भात ते येते, तर कधी नार्कोलेप्सी नावाच्या, दिवसा अनावर पेंग आणणाऱ्या आजारावरील औषधचाचण्यांच्या संदर्भात. वाचणारा गोंधळतो, कारण पहिल्या गोळ्या ओरेक्सिनचे काम अडवतात आणि दुसऱ्या चाचण्यांतली औषधे तेच काम ओरेक्सिनऐवजी करून दाखवतात. एकच रसायन अडवले की रात्री झोप लागते आणि तेच शरीरात उरले नाही की माणूस भर दुपारी बोलता बोलता झोपी जातो, हे कसे होते ते समजून घ्यायचे तर मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागापर्यंत जावे लागते. जवळपास 1,400 ग्रॅमच्या मेंदूत त्याचा वाटा जेमतेम चार ग्रॅमचा. भूक, तहान, शरीराचे तापमान आणि अनेक संप्रेरके यांचा कारभार तो पाहतो, आणि झोपेचाही.

आत शिरण्यापूर्वी एक गैरसमज दूर केलेला बरा. ज्याला दिवसा अनावर पेंग येते तो माणूस खूप झोपत असणार, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात नार्कोलेप्सीच्या रुग्णाची चोवीस तासांतली सगळी झोप मोजली तर ती इतरांपेक्षा फारशी जास्त भरत नाही. दिवसा तो जागा राहू शकत नाही आणि रात्री सलग झोपूही शकत नाही. त्याच्या बाबतीत झोपेचे प्रमाण बिघडलेले नसते, जाग आणि झोप यांचा टिकाऊपणा बिघडलेला असतो.

झोप म्हणजे मेंदू थकून बंद पडणे नव्हे का?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक जाणकारांचेही मत असेच होते. डोळे मिटले, आवाज थांबले, बाहेरून येणारे संदेश कमी झाले की मेंदू आपोआप विझत जातो, अशी ती कल्पना होती. तिला पहिला मोठा तडा गेला तो पहिल्या महायुद्धाच्या काळात पसरलेल्या एका विचित्र साथीमुळे. मेंदूला सूज आणणाऱ्या या आजारात बरेच रुग्ण आठवडेच्या आठवडे झोपून राहत. हाक मारली तर जागे होत, उत्तर देत, आणि पुन्हा झोपी जात. काही रुग्णांचे मात्र नेमके उलटे होई. त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नसे.

व्हिएन्नामध्ये काम करणारे मेंदूतज्ज्ञ कॉन्स्टान्टिन फॉन इकोनोमो यांनी 1917 मध्ये या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. (हे गृहस्थ ऑस्ट्रियाच्या अगदी सुरुवातीच्या वैमानिकांपैकीही एक होते.) दगावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासताना त्यांच्या लक्षात आले की जे सतत झोपून होते त्यांच्यात हायपोथॅलॅमसचा मागचा भाग आणि त्याला लागून असलेला मध्यमेंदूचा वरचा भाग यांना इजा झालेली होती, जे झोपेवाचून तळमळत होते त्यांच्यात हायपोथॅलॅमसचा पुढचा भाग खराब झालेला होता. यावरून त्यांनी तर्क केला की मागे जागे ठेवणारे केंद्र असावे आणि पुढे झोपवणारे. त्या काळी मेंदूच्या आत डोकावण्याचे एकही आधुनिक साधन हाताशी नव्हते, हे ध्यानात घेतले तर हा तर्क किती अचूक ठरला याचे नवल वाटते. मेंदूसंशोधक वाले नाउटा यांनी 1946 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून त्याला दुजोरा दिला.

या निष्कर्षाचा अर्थ असा की झोप आपोआप ओढवत नाही, मेंदू ती घडवून आणतो. पुढच्या भागातल्या झोपेच्या पेशी नष्ट झाल्या तर माणूस कितीही थकला तरी त्याला धड झोप लागत नाही.

मधोमध न थांबणारा खटका

फॉन इकोनोमो यांनी जो भाग दाखवला होता तिथे नेमक्या कोणत्या पेशी आहेत, हे कळायला आणखी अनेक दशके लागली. हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात चेतापेशींचा एक लहानसा पुंजका आहे. (चेतापेशी म्हणजे विजेच्या आणि रसायनांच्या साहाय्याने संदेश पोहोचवणाऱ्या मेंदूतील पेशी.) आपण झोपतो तेव्हा हा पुंजका कामाला लागतो आणि जागे ठेवणाऱ्या केंद्रांवर गाबा आणि गॅलानिन ही रसायने सोडून त्यांना गप्प करतो. जागे ठेवणारी केंद्रे अनेक आहेत. त्यांपैकी हिस्टामिन तयार करणारे केंद्र हायपोथॅलॅमसच्याच मागच्या भागात असते, तर नॉरअॅड्रेनॅलिन आणि सेरोटोनिन तयार करणारी केंद्रे त्याच्या खाली, मेंदूच्या देठात.

हिस्टामिन म्हटले की शिंका आणि अंगावरची खाज आठवते, आणि ते बरोबरच आहे. पण मेंदूत याच रसायनाचे काम जागे ठेवण्याचे आहे. सर्दीवरची जुन्या पठडीतली गोळी घेतल्यावर जी गुंगी येते ती याचमुळे. क्लोरफेनिरामिनसारखी औषधे रक्तातून मेंदूत शिरतात आणि तिथले हिस्टामिनचे कामही बंद पाडतात. फेक्सोफेनाडिनसारखी नंतरची औषधे मेंदूत फारशी शिरतच नाहीत, म्हणून त्यांनी पेंग येत नाही.

मुख्य मुद्दा पुढेच आहे. झोपेचा पुंजका जागेच्या केंद्रांना दाबतो, आणि जागेची केंद्रे उलट झोपेच्या पुंजक्याला दाबतात. दोघे एकमेकांच्या उरावर बसलेले असल्यामुळे एकाने थोडी जरी सरशी केली तरी दुसरा कमकुवत होतो. तो कमकुवत झाला की पहिल्यावरचा दाब आणखी घटतो आणि पाहता पाहता बाजी पूर्ण पालटते. दिव्याचा खटका जसा एक तर वर असतो नाही तर खाली, मधोमध ठेवू म्हटले तर राहत नाही, तशी ही रचना आहे. अमेरिकन मेंदूतज्ज्ञ क्लिफर्ड सेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये हीच उपमा वापरून ती मांडली.

अशा रचनेचा फायदा उघड आहे. अर्धवट जागा आणि अर्धवट झोपलेला प्राणी ना धड सावध असतो ना धड विसावलेला, म्हणून मधली अवस्था जितकी थोडी तितके बरे. परंतु अशा खटक्याचा एक तोटाही असतो. दोन्ही बाजूंचे बळ जवळपास सारखे झाले की तो जरा धक्का लागला तरी इकडून तिकडे पडू लागतो.

खटका केव्हा पडायचा, हे कोण ठरवते?

यासाठी दोन वेगवेगळे हिशेब चालू असतात. पहिला उधारीच्या वहीसारखा आहे. आपण जागे असतो तितका वेळ मेंदूच्या पेशी ऊर्जा खर्च करतात आणि त्या खर्चातून अॅडेनोसिन नावाचे रसायन साचत जाते. जितके जास्त तास जागरण, तितकी जास्त उधारी, आणि तितकाच झोपेच्या बाजूला जास्त जोर. झोपेत ही उधारी फिटते. कॉफीतले कॅफिन अॅडेनोसिनला त्याच्या जागी बसू देत नाही, त्यामुळे तरतरी वाटते. मात्र उधारीची रक्कम तशीच राहते, आपण फक्त वही मिटून ठेवलेली असते. शरीरातले कॅफिन निम्मे व्हायला साधारणपणे पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळच्या कॉफीचा बराच भाग रात्री उशिरापर्यंत रक्तात असतो.

दुसरा हिशेब घड्याळाचा. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेद देतात त्याच्या अगदी वर, हायपोथॅलॅमसमध्येच, पुंजक्यांची एक जोडी आहे, दोन्हींत मिळून सुमारे 20,000 चेतापेशी. या पेशी बाहेरच्या जगाचा काहीही पत्ता नसतानाही जवळपास चोवीस तासांचा ताल धरून चालतात. माणसात हा ताल चोवीस तासांपेक्षा किंचित मोठा असतो, आणि रोजचा उजेड डोळ्यांवाटे येऊन त्याला वेळेवर आणत राहतो. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा फळमाश्यांवरील प्रयोगांतून करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2017 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

दिवसभर उधारी वाढत जाते, तर संध्याकाळी आपण ढेपाळून का पडत नाही? कारण त्याच वेळी घड्याळ जाग ठेवण्यासाठी जास्तीत जास्त जोर लावत असते. नेहमीच्या झोपेच्या दोन-तीन तास आधी कितीही पडून राहिले तरी झोप लागत नाही, हा अनुभव त्याचाच. पुढे घड्याळ हात आखडता घेते, मेंदूतल्या पीनियल ग्रंथीतून मेलाटोनिन हे रात्रीचे संप्रेरक स्रवू लागते, शरीराचे आतले तापमान उतरू लागते, आणि उधारीचे सगळे वजन एकदम अंगावर येते.

दुपारच्या झापडीला आपण जेवणाला जबाबदार धरतो. भरपेट जेवणाने ती वाढते हे खरे, परंतु न जेवलेल्या माणसालाही त्या वेळी थोडी सुस्ती येतेच. सकाळपासून चढलेली उधारी एव्हाना जाणवू लागलेली असते आणि घड्याळाचा संध्याकाळचा जोर अजून यायचा असतो.

खटक्याला लावलेली खिट्टी

इथवरच्या वर्णनात एक त्रुटी राहते. सोळा तासांच्या जागेपणी आपण कंटाळतो, काही काळ शांत बसतो, मंद उजेडात रेंगाळतो. अशा प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंचे बळ जवळपास सारखे होऊन खटका पडायला हवा. पण तो पडत नाही. कोणी तरी त्याला जागेच्या बाजूला धरून ठेवलेले असते.

हे काम हायपोथॅलॅमसच्या कडेच्या भागातल्या सुमारे 70,000 पेशी करतात. संपूर्ण मेंदूत 8,600 कोटींच्या आसपास चेतापेशी असतात, त्या मानाने ही संख्या चिमूटभरच. या पेशी ओरेक्सिन तयार करतात आणि जागे ठेवणाऱ्या सगळ्याच केंद्रांना ते पुरवत राहतात. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून आपण त्याला खिट्टी लावतो. ती दार उघडत नाही आणि बंदही करत नाही, फक्त उघडलेले दार उघडे ठेवते. ओरेक्सिनचे काम तसे आहे.

1998 च्या सुरुवातीला दोन गटांनी हे रसायन वेगवेगळे शोधले आणि त्याला दोन नावे दिली. एका गटाने हायपोक्रेटिन म्हटले, दुसऱ्याने ओरेक्सिन. आजही दोन्ही नावे चालतात आणि वाचकांचा उगाच घोळ होतो. ओरेक्सिन हे नाव भूक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले, कारण ते मेंदूत टोचल्यावर उंदीर जास्त खाऊ लागले होते. नाव भुकेचे आणि काम जागेचे हा विरोधाभास वरवरचा आहे. उपाशी प्राण्याने झोपून चालत नाही, त्याला अन्न शोधत हिंडावे लागते, म्हणून भूक आणि जाग यांची दोरी एकाच ठिकाणी बांधलेली असणे सयुक्तिकच आहे.

खिट्टी निसटली की काय होते?

मासाशी यानागिसावा यांच्या टेक्सासमधील गटाने ओरेक्सिन मुळीच तयार न करणारे उंदीर जन्माला घातले, तेव्हा दिवसा पाहून त्यांच्यात काही वावगे दिसेना. उंदीर हा रात्री वावरणारा प्राणी असल्यामुळे मग अंधारात चालणारे कॅमेरे लावले गेले. चित्रणात दिसले ते असे: उंदीर धावत असतो, अंग साफ करत असतो, आणि मध्येच जागच्या जागी कोसळतो, थोड्या वेळाने उठून जणू काही झालेच नाही असा पुन्हा धावू लागतो. त्याच वर्षी, म्हणजे 1999 मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठातील एमानुएल मिन्यो यांच्या गटाने दाखवून दिले की पिढीजात नार्कोलेप्सी असलेल्या डॉबरमन कुत्र्यांमध्ये ओरेक्सिनचा संदेश स्वीकारणारी यंत्रणाच सदोष असते. आवडीचे खाणे समोर आले की ही कुत्री आनंदाने त्याच्याकडे झेपावत आणि वाटेतच पाय लुळे पडून खाली बसत. 2000 मध्ये मृत रुग्णांचे मेंदू तपासले गेले, तेव्हा त्यांच्यात ओरेक्सिनच्या पेशी 85 ते 95 टक्क्यांनी कमी आढळल्या. मिन्यो आणि यानागिसावा यांना पुढे या शोधासाठी 2023 चे ब्रेकथ्रू पारितोषिक मिळाले.

नार्कोलेप्सी हा शब्द मात्र बराच जुना आहे. फ्रेंच डॉक्टर जेलिनो यांनी तो 1880 मध्ये वापरला. आजार साधारणपणे दोन हजारांत एकाला होतो आणि बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो. त्याचे सर्वांत चमत्कारिक लक्षण झोपेचे नाहीच. चार मित्र बसले आहेत, त्यांपैकी एक जण विनोद सांगतो आहे आणि शेवटच्या वाक्यावर येताच त्याचा जबडा सैल पडतो, शब्द अडखळतात, मान पुढे झुकते, गुडघे दुमडतात आणि तो हळूहळू खाली बसतो. भोवतालचे घाबरतात. त्याला मात्र सगळे ऐकू येत असते, समजत असते. बोट हलवता येत नाही, इतकेच. अर्ध्या-एक मिनिटात तो उठून उभा राहतो. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात.

याची उकल खटक्यातच आहे. स्वप्ने पडतात त्या झोपेत मेंदूचा देठ आपले जवळपास सगळे स्नायू लुळे करून ठेवतो, नाही तर आपण स्वप्नातले पळणे अंथरुणातच पळलो असतो. निरोगी माणसाला पहिली स्वप्नझोप झोपल्यानंतर साधारण दीड तासाने लागते. नार्कोलेप्सीत ती पंधरा मिनिटांच्या आतही येऊ शकते, आणि तिचे तुकडे निसटून जागेपणात शिरतात. लुळेपणा एकटाच, हसण्याच्या भरात आला तर ती कॅटाप्लेक्सी. जाग आल्यावरही काही क्षण शरीर हलत नसेल तर ती झोपेतली जखडण. आणि स्वप्न एकटेच, डोळे उघडे असताना आले तर खोलीत कोणी तरी उभे असल्याचा भास. झोपेतली जखडण निरोगी माणसांनाही कधीमधी अनुभवायला मिळते. तिचा भुताखेतांशी संबंध जोडण्याचे कारण नाही.

ओरेक्सिनच्या पेशी का मरतात, याचे उत्तर बहुतांशी शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेकडे बोट दाखवते. कॅटाप्लेक्सी असलेल्या जवळपास सर्व रुग्णांमध्ये प्रतिकारशक्तीशी संबंधित एक ठरावीक जनुकप्रकार सापडतो, परंतु तो निरोगी लोकांतही पुष्कळ आढळतो. एकट्याने तो पुरेसा नाही. 2009 च्या फ्लूच्या जागतिक साथीनंतर चीनमध्ये नव्या रुग्णांची संख्या वाढली, आणि युरोपात त्या साथीसाठी वापरलेल्या एका लसीनंतर फिनलंड व स्वीडनमधील मुलांमध्येही वाढली. यावरून जनुकाची पार्श्वभूमी असलेल्या काही जणांत एखादा संसर्ग ठिणगीचे काम करत असावा आणि मग प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटत असावी, असे मानले जाते.

मनावर घेतले तर जागे राहता येत नाही का?

हा आक्षेप घरात, वर्गात आणि कामाच्या जागी सर्रास घेतला जातो आणि रुग्णाला सर्वांत जास्त तोच टोचतो. आळशी, बेफिकीर, कुंभकर्ण अशी विशेषणे चिकटतात आणि नेमके निदान व्हायला अनेकदा कित्येक वर्षे जातात. आक्षेपात तथ्य आहे ते इतकेच की उठून चालणे, बोलणे, थंड पाणी तोंडावर मारणे यांनी जागेच्या बाजूला तात्पुरते बळ मिळते. इच्छाशक्ती जिथून उगम पावते तो मेंदूचा पुढचा भाग स्वतः जागा राहण्यासाठी याच केंद्रांवर अवलंबून असतो. खटका पडला की निश्चय करणाराच उरत नाही.

निरोगी परंतु जागरण झालेल्या माणसालाही हे लागू आहे. उधारी फार चढली की काही सेकंदांच्या डुलक्या लागतात आणि पुष्कळदा त्या लागल्याचे कळतही नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाच्या वाहनात तीन सेकंदांची डुलकी म्हणजे 50 मीटर अंतर कोणीही न चालवता गेलेली गाडी. खिडकी उघडणे किंवा गाणी मोठ्याने लावणे यांच्या भरवशावर राहण्यापेक्षा गाडी बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटे झोपणे शहाणपणाचे.

मग दिवसा पेंग येणे म्हणजे हाच आजार का?

बहुधा नाही. दिवसाच्या पेंगेचे सर्वांत सामान्य कारण रात्रीची अपुरी झोप हेच आहे. त्यानंतर झोपेत श्वास अडखळण्याचा विकार येतो, ज्यात माणूस घोरतो, श्वास अडतो, मेंदू क्षणभर जागा होतो, आणि रात्रीतून असे शेकडो वेळा घडूनही सकाळी त्याला काही आठवत नाही. नैराश्य आणि अनेक औषधे यांमुळेही पेंग येते. हायपोथॅलॅमसजवळची गाठ किंवा डोक्याला झालेली गंभीर इजा यांनीही जाग ढासळू शकते. वयानुसारही फरक पडतो: म्हातारपणी हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागातल्या झोपेच्या पेशी ज्यांच्यात कमी उरतात त्यांची रात्रीची झोप जास्त तुटक असते, असे 2014 मधील एका अभ्यासात दिसून आले.

नार्कोलेप्सीची तपासणी मोठी गमतीदार आहे. आदल्या रात्रीची झोप यंत्रांवर नोंदवल्यानंतर दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी, पाच वेळा, रुग्णाला अंधाऱ्या खोलीत वीस मिनिटे झोपण्याची संधी दिली जाते. झोप लागायला सरासरी आठ मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ लागला आणि दोन किंवा अधिक वेळा स्वप्नझोप फार लवकर आली, तर संशय बळावतो. पाठीच्या कण्यातले पाणी काढून त्यातले ओरेक्सिनही मोजता येते.

हरवलेले रसायन गोळीतून देता येणार नाही का?

सरळ ओरेक्सिनच गिळले तर ते पोटात पचून जाते, आणि रक्तात टोचले तरी त्याचा फारच थोडा अंश मेंदूत पोहोचतो. त्यामुळे आजवरच्या औषधांनी आडवाट धरली. मोडाफिनिल जागेच्या बाजूला जोर लावते, पिटोलिसंट मेंदूतील हिस्टामिन वाढवते, आणि सोडियम ऑक्सिबेट रात्रीची झोप सलग करून दिवस सुधारते. खिट्टी मात्र निसटलेलीच राहते.

उलट्या दिशेचे काम तुलनेने सोपे निघाले. ज्यांची खिट्टी शाबूत आहे पण रात्रीही सुटत नाही, अशा निद्रानाशाच्या रुग्णांसाठी ओरेक्सिनला अडवणारे सुव्होरेक्सन्ट हे औषध अमेरिकेत 2014 मध्ये मंजूर झाले.

ओरेक्सिनची जागा घेणारी, मेंदूत शिरू शकणारी लहान रेणूंची औषधे गेल्या काही वर्षांत तयार झाली. त्यांतले तोंडाने घ्यायचे पहिले औषध मोठ्या आशेने तपासले गेले. रुग्णांची जाग झपाट्याने सुधारली, पण काहींच्या यकृताला त्रास झाल्यामुळे 2021 मध्ये चाचणी थांबवावी लागली. त्याच घराण्यातले पुढचे औषध, ओव्हेपोरेक्सटन, यकृताला तसा अपाय न करता काम करत असल्याचे 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. पेंग आणि कॅटाप्लेक्सी दोन्ही घटल्या. झोप न लागणे आणि वारंवार लघवीला जावे लागणे हे त्याचे प्रमुख दुष्परिणाम आढळले. यातला पहिला दुष्परिणाम अपेक्षितच होता, कारण स्वतःच्या ओरेक्सिन पेशी घड्याळाच्या इशाऱ्याने रात्री आपोआप शांत होतात आणि गोळीला तो इशारा ऐकू येत नाही. म्हणून अशा औषधाची मात्रा आणि दिवसातली वेळ अशी आखावी लागते की रात्र पडेपर्यंत त्याचा अंमल ओसरलेला असेल.